चुंबक कोणाचा, आणि कोणासाठी?

पॅरिसनजीक साक्ले येथे फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाचे ‘न्यूरोस्पिन’ नावाचे संशोधन केंद्र आहे. या केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये जिवंत मानवी मेंदूची काही चित्रे जगापुढे ठेवली. ज्या यंत्राने ती घेतली त्यातील चुंबकाचे वजन १३२ टन, लांबी ५ मीटर आणि व्यासही ५ मीटर आहे. त्याच्या उदरात १८२ किलोमीटर लांबीची अतिसंवाहक तार गुंडाळलेली असून ती सुमारे ७,५०० लिटर द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने शून्याखाली २७१ अंश सेल्सियस इतक्या थंडीत ठेवावी लागते. रुग्णालयांतील नेहमीची एमआरआय यंत्रे १.५ किंवा ३ टेस्ला शक्तीची असतात. हा चुंबक ११.७ टेस्लाचा आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी तुलना केली तर हे बळ दोन लाखांहून अधिक पट भरते. वीस निरोगी स्वयंसेवक या यंत्रात निजले आणि अवघ्या चार मिनिटांत त्यांच्या मेंदूच्या एक मिलिमीटर जाडीच्या कापाची अशी चित्रे मिळाली, की त्यांत ०.२ मिलिमीटर इतका बारीक तपशील ओळखता यावा.

अशी वृत्ते चमत्कार म्हणून येतात आणि दुसऱ्या दिवशी विस्मृतीत जातात. आपल्या कार्यकर्त्यांमध्ये त्यांच्याविषयी दोन प्रकारच्या प्रतिक्रिया आढळतात. काहींना विज्ञानाची प्रत्येक झेप ही आपोआपच मानवजातीची झेप वाटते. इतर काही विचारतात, की ज्या देशात तालुक्याच्या रुग्णालयात साधे क्ष-किरण यंत्र महिनोन्‌महिने बंद असते, तेथे या श्रीमंतांच्या खेळण्याशी आपल्याला काय कर्तव्य? पहिली प्रतिक्रिया भाबडी आहे. दुसरीत कळकळ आहे. परंतु तिचा निष्कर्ष आम्हास मान्य नाही. या चुंबकाचा प्रश्न हा सार्वजनिक धनाचा, सार्वजनिक ज्ञानाचा आणि त्यांच्या मालकीचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो समाजवाद्यांचा प्रश्न आहे.

प्रथम यंत्राचे मर्म समजावून घेऊ. आपल्या शरीराचा मोठा भाग पाण्याचा आहे आणि पाण्यात हायड्रोजन आहे. हायड्रोजनचे प्रत्येक अणुकेंद्रक हा एक इवलासा चुंबक असतो. बलवान चुंबकीय क्षेत्रात यांतील काही केंद्रके क्षेत्राच्या दिशेने व काही विरुद्ध दिशेने उभी राहतात. दोहोंतील फरक अगदी अल्प, म्हणजे १.५ टेस्लाच्या यंत्रात दहा लाखांमागे पाचेक इतका असतो. पण या पाचांकडूनच सारे चित्र मिळवावयाचे असते. रेडिओलहरींनी त्यांना क्षणभर ढळवावयाचे आणि पूर्वस्थितीला येताना ती जो क्षीण प्रतिसाद देतात तो टिपावयाचा, ही एमआरआयची रीत. ११.७ टेस्लाला दहा लाखांमागील पाचांचे सुमारे चाळीस होतात. प्रतिसाद ठळक होतो आणि पूर्वी पुसट दिसणारे स्पष्ट दिसू लागते. अपस्मार, पार्किन्सनचा आजार, स्मृतिभ्रंश, मज्जातंतूंच्या आवरणाचा ऱ्हास करणारे विकार यांचा आरंभ मेंदूच्या अशाच बारीक जागी होतो. सात टेस्ला आणि त्यापुढील यंत्रांना वैद्यक संशोधनात जे महत्त्व आले आहे त्याचे कारण हे.

आता या ज्ञानाची वंशावळ पाहा. पदार्थातील अणुकेंद्रांचे चुंबकीय अनुस्पंदन १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी अमेरिकेतील दोन विद्यापीठांत स्वतंत्रपणे दाखविले. त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या तत्त्वावरून चित्र काढता येईल हे न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी विद्यापीठात काम करणाऱ्या पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखविले. त्यांच्या विद्यापीठाला या शोधाचे पेटंट घेण्याजोगे काही त्यात दिसले नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात पीटर मॅन्सफील्ड यांनी हीच वाट पुढे नेली. दोघांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यापीठे, करदात्यांचा पैसा, आणि अर्धशतकभर एकमेकांचे निबंध वाचून एकमेकांच्या चुका सुधारणारे शास्त्रज्ञ, ही या यंत्राची खरी जन्मभूमी. यंत्र विकले जाईल असे दिसताच मात्र पेटंटांची न्यायालयीन युद्धे सुरू झाली. १९९७ मध्ये अशाच एका दाव्यात जनरल इलेक्ट्रिक कंपनीला फोनार या कंपनीस १२ कोटी डॉलरांहून अधिक भरपाई द्यावी लागली. आज जगाच्या बाजारात या यंत्रांचा व्यापार मुख्यतः सीमेन्स, जीई हेल्थकेअर आणि फिलिप्स या मोजक्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हाती आहे.

साक्लेच्या चुंबकाची कथा याहून निराळी नाही. फ्रान्स आणि जर्मनी या दोन राष्ट्रांच्या सहकार्यातून हा प्रकल्प उभा राहिला. सार्वजनिक निधी आणि सार्वजनिक संशोधन संस्था यांच्याबरोबर त्यात सीमेन्ससारख्या खाजगी कंपन्याही होत्या. पण चुंबकाची कल्पना आणि रचना अणुऊर्जा आयोगाच्या शास्त्रज्ञांची. अणुसंमीलनाच्या प्रयोगांसाठी आणि जिनीव्हाच्या कणत्वरकासाठी प्रचंड अतिसंवाहक चुंबक बांधण्याचा जो अनुभव त्यांच्या गाठीशी होता, तो येथे उपयोगी पडला. चुंबक बेलफोर या कारखान्यांच्या गावी घडविला गेला, २०१७ मध्ये साक्ले येथे आणला गेला आणि २०१९ मध्ये त्याने पूर्ण शक्ती गाठली. त्यानंतर पहिले चित्र घेतले गेले ते एका भोपळ्याचे. माणसाची पाळी पुढे आली. कल्पनेपासून माणसाच्या चित्रापर्यंत जवळजवळ दोन दशके लागली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे एक साधा प्रश्न विचारील. दोन दशके परतावा न देणाऱ्या आणि अखेरीस चालेलच याची हमी नसलेल्या वस्तूत कोणते खाजगी भांडवल पैसा घालील? उत्तर उघड आहे. अशा साधनांचा खर्च अविभाज्य असतो. निम्मा चुंबक निम्म्या किमतीत मिळत नाही. त्याचे लाभ सर्वत्र पसरतात आणि कोणा एकाच्या गल्ल्यात जमा होत नाहीत. ज्ञान एकदा निर्माण झाले की ते आणखी एका माणसाला दिल्याने उणे होत नाही. बाजार ज्या वस्तू निर्माण करण्यास असमर्थ असतो त्यांची ही पाठ्यपुस्तकी लक्षणे आहेत. समाजाने समाजाच्या पैशाने उभारावयाचे असे हे साधन आहे, आणि भांडवलशाही राष्ट्रांनीही ते तसेच उभारले आहे. मुक्त बाजाराची पोथी वाचणाऱ्यांना हे अधूनमधून सांगत राहिले पाहिजे.

साधन सामाजिक आहे तसे त्याचे कामही सामाजिक आहे. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज, कार्डिफ, नॉटिंगहॅम आणि ग्लासगो येथील पाच केंद्रांनी आपली सात टेस्लाची यंत्रे एका जाळ्यात गुंफली. कोणत्याही एका शहरात एखाद्या विरळ आजाराचे पुरेसे रुग्ण नसतात. पाच शहरांचे मिळून असू शकतात. परंतु पाच यंत्रे, तीही एकाच कंपनीची नव्हेत, एकच मेंदू एकसारखा दाखवितात काय? हे तपासण्यासाठी तेच मोजके स्वयंसेवक पाचही शहरांत हिंडविण्यात आले आणि त्यांच्या मेंदूंच्या चित्रांवरून यंत्रांची मापे जुळविण्यात आली. सहकार म्हणजे सदिच्छेचा ठराव नव्हे. वजनेमापे एक करण्याचे कंटाळवाणे काम म्हणजे सहकार, हे आपल्या दूध संघांत नि पतपेढ्यांत काम केलेल्यांना वेगळे सांगावयास नको.

या सहकाराचे रुग्णाच्या पदरात पडलेले फळही पाहण्यासारखे आहे. अतिबलवान चुंबकात एक अडचण येते. तेथे वापरावयाच्या रेडिओलहरींची लांबी डोक्याच्या मापाहूनही कमी होते. त्यामुळे मेंदूच्या काही भागांत लहरी नीट पोहोचत नाहीत आणि चित्रात काळे डाग पडतात. हे डाग बहुधा कानशिलांलगतच्या भागात, म्हणजे अपस्माराचे मूळ जेथे अनेकदा असते तेथेच, पडतात. एकाऐवजी अनेक प्रक्षेपक वापरून ही उणीव भरून काढण्याची रीत साक्लेच्या शास्त्रज्ञांनी विकसित केली आणि केंब्रिजच्या डॉक्टरांनी त्यांच्याबरोबर ती रुग्णांवर वापरली. औषधांनी न आवरणाऱ्या अपस्माराच्या ३१ रुग्णांची त्यांनी तपासणी केली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी नऊ जणांत पूर्वी न दिसलेली विकृती दिसली, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांच्या उपचारांची दिशा बदलली. वर्षानुवर्षे झटके सोसणाऱ्या माणसाला शस्त्रक्रियेची आशा दिसणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी असा रुग्ण आहे त्याला ठाऊक असते. या यंत्रांना खेळणे म्हणणाऱ्या मित्रांनी एवढे ध्यानात घ्यावे.

मग आपला आक्षेप कशाला? आक्षेप पुढील टप्प्याला आहे. समाजाने पेरले तर पीकही समाजाच्या खळ्यावर यावयास हवे. ते तसे येतेच असे नाही. एक उदाहरण हेलियमचेच घेऊ. बहुतेक एमआरआय यंत्रे या वायूवर अवलंबून आहेत, आणि तो पृथ्वीच्या पोटातून मोजक्याच देशांत, नैसर्गिक वायूबरोबर मिळतो. अमेरिकेच्या सरकारने १९२५ पासून त्याचा राष्ट्रीय साठा केला होता. १९९६ मध्ये कायदा करून तो विकण्याचे धोरण ठरले आणि २०२४ मध्ये उरलेला साठा व त्याची सारी व्यवस्था मेसर या खाजगी कंपनीच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्यांची सार्वजनिक ठेव अशी एका विक्रीखतात संपते. ज्ञानाचेही असेच होऊ शकते. यंत्राच्या आज्ञावलीचे कुलूप कंपनीकडे, रुग्णांच्या चित्रांचा साठा दुसऱ्या कोणाकडे आणि त्या साठ्यावर पोसलेल्या निदानयंत्रणेचे पेटंट तिसऱ्याकडे, अशी वाटणी झाली तर ज्याच्या करातून आणि ज्याच्या देहातून हे सारे निघाले तो माणूस अखेरीस ग्राहक म्हणून रांगेत उभा राहतो.

हे अटळ आहे असे मात्र नाही. अमेरिकेतच २०१० मध्ये सरकारी निधीतून मानवी मेंदूतील जोडण्यांचा नकाशा काढण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. त्यात सुमारे १,२०० तरुण स्त्रीपुरुषांनी भाग घेतला आणि त्यांतील १८४ जणांची चित्रे सात टेस्लाच्या यंत्रावरही घेण्यात आली. ही सामग्री जगभरच्या अभ्यासकांना खुली आहे. आपल्याकडील एखाद्या विद्यापीठातील विद्यार्थी आज तिच्यावर काम करू शकतो. पैसा देणाऱ्याने पैसा देतानाच अट घातली म्हणून हे झाले. व्यवहार उरकल्यावर घातलेल्या अटीला कोणी विचारीत नाही.

औषधांच्या बाबतीत आपल्या देशाने ही गोष्ट एकदा करून दाखविली आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी नाकारली आणि केवळ प्रक्रियेवरील हक्क मान्य केला. २००५ मध्ये ही तरतूद गेली. पण तत्पूर्वी तिच्या आधाराने देशी औषध उद्योग उभा राहिला होता. पाश्चात्त्य कंपन्या एड्‌सच्या औषधांसाठी रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक घेत असता मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये तीच औषधे ३५० डॉलरांत देऊ केली, ती या जोरावर. कायद्याच्या एका कलमाने लाखोंचे प्राण वाचू शकतात, हा त्याचा अर्थ.

आता आपल्या मित्रांच्या मूळ आक्षेपाकडे येऊ. गडचिरोलीच्या रुग्णाला साध्या तपासणीसाठी दिवसभराचा प्रवास करावा लागत असता आपण सात टेस्लाची भाषा बोलावी काय? दोहोंपैकी एकच निवडावयाचे असेल तर आम्ही निःसंशय जिल्हा रुग्णालयाची बाजू घेऊ. परंतु वरचे संशोधन रद्द केल्याने वाचलेला पैसा गडचिरोलीला जातो, असा अनुभव कोणाच्या पदरी आहे? गरीब देशाने फक्त गरीब विज्ञान करावे, हा नियम आपण स्वतःला घालून घेतला तर उच्च ज्ञान कायमचे आयात करावे लागेल आणि त्याची किंमतही विकणारा ठरवील.

येथे मुंबईतील एका गोष्टीची आठवण देणे उचित होईल. १९८३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चुंबकीय अनुस्पंदनाचे एक राष्ट्रीय सुविधा केंद्र सुरू झाले. तेथील ५०० मेगाहर्ट्‌झच्या यंत्रातील चुंबक ११.७ टेस्लाचा होता. साक्लेच्या चुंबकाची शक्ती नेमकी हीच आहे. फरक इतकाच की मुंबईच्या चुंबकात बोटाएवढी परीक्षानळी मावे, आणि साक्लेच्या चुंबकात माणूस मावतो. त्या काळी आपला देश आजच्याहून पुष्कळ गरीब होता. तरीही सरकारने हे यंत्र घेतले आणि ते एका संस्थेची मिरास न करता देशभरच्या संशोधकांसाठी खुले ठेवले. गरिबीला उत्तर म्हणून यंत्र नाकारावयाचे नसते, ते वाटून घ्यावयाचे असते, हे त्या निर्णयाने दाखविले. याच संस्थेतील सूक्ष्मलहरींच्या विभागातून पुढे १९८४ मध्ये ‘समीर’ ही सरकारी संस्था मुंबईत निघाली. देशी बनावटीचे १.५ टेस्लाचे एमआरआय यंत्र घडविण्याच्या कामात ती आहे, आणि त्याच्या चाचणीसाठी मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेशी तिचा करार झाला. बंगळूरच्या एका लहान कंपनीने सरकारी साहाय्याने बनविलेले देशी यंत्रही ऑगस्ट २०२३ मध्ये पुढे आले. जिनीव्हाच्या कणत्वरकासाठी अतिसंवाहक दुरुस्ती-चुंबक इंदूरच्या सरकारी केंद्राच्या पुढाकाराने आपल्याच देशातून गेले होते. हात आपल्याकडे आहेत.

आपला सहभाग आवश्यक आहे याला आणखीही कारण आहे. मेंदूची जी प्रमाणचित्रे जगभर वापरली जातात ती मुख्यतः पाश्चात्त्य माणसांच्या मेंदूंवरून काढलेली आहेत. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये शंभर भारतीयांच्या मेंदूंवरून एक नकाशा तयार केला, तेव्हा भारतीय मेंदूची सरासरी लांबी, रुंदी व घनफळ वेगळे भरले. मेंदूचे माप म्हणजे बुद्धीचे माप नव्हे, आणि तसा अर्थ काढणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे. पण निरोगी व रोगी यांच्यातील रेषा दुसऱ्याच्या मापाने आखली तर निदान चुकू शकते. म्हणजे जगाला आपले रुग्ण हवे आहेत. प्रश्न आहे तो आपण त्या सहकार्यात भागीदार म्हणून जाणार की नमुने पुरविणारे म्हणून, हा.

म्हणून उद्या आपल्या एखाद्या संस्थेत असे यंत्र यावयाचे असेल, किंवा परदेशी केंद्राशी आपल्या रुग्णालयाचा करार व्हावयाचा असेल, तर आपण चार अटींचा आग्रह धरला पाहिजे. पहिली अट, यंत्र राष्ट्रीय सुविधा म्हणून यावे. वेळेची वाटणी उघड पद्धतीने व्हावी आणि राज्यातील विद्यापीठे व सार्वजनिक रुग्णालये यांचा वाटा ठरलेला असावा. दुसरी अट चित्रांविषयी. रुग्णाची ओळख काढून टाकल्यावर ही सामग्री देशातील सार्वजनिक भांडारात राहावी. ओळख काढणे म्हणजे केवळ नाव खोडणे नव्हे; डोक्याच्या चित्रावरून चेहरा पुन्हा उभा करता येतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने संशोधनाला सूट दिलेली आहे, त्यामुळे ही दक्षता संस्थांवरच पडते. संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत असावे आणि त्याला ते वाचून दाखविले जावे. या सामग्रीवर नफा कमावणाऱ्याने सार्वजनिक रुग्णालयांना त्याचा वाटा द्यावा. तिसरी अट ज्ञानाची. खरेदीच्या करारातच यंत्राच्या अंतरंगात काम करण्याचा हक्क आपल्या संशोधकांना मिळावा. केवळ कळ दाबण्याचे शिक्षण म्हणजे तंत्रज्ञान नव्हे.

चौथी अट आम्हास सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती पायाची आहे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात आजारी नातलगाबरोबर आलेला एक तरुण प्राणवायूच्या नळकांड्यासह एमआरआयच्या चुंबकाकडे खेचला जाऊन मृत्यू पावला. तो चुंबक सदैव चालू असतो, त्याला विश्रांती नसते, ही गोष्ट त्या खोलीच्या दारावर ज्याने सांगावयाची ती सांगितली गेली नाही. यंत्राबरोबर प्रशिक्षित आणि कायम नोकरीतील तंत्रज्ञ, परिचारिका व सेवक आले नाहीत तर यंत्र जीवघेणे ठरते. म्हणून शिखरावर होणाऱ्या खर्चाबरोबर पायाचाही खर्च त्याच अंदाजपत्रकात बांधलेला असावा: जिल्हा रुग्णालयाने स्वतः चालविलेले, ठेकेदाराच्या हाती न दिलेले साधे यंत्र, ते चालविणारी माणसे, आणि तेथून संशोधन केंद्रापर्यंत गरीब रुग्णाला नेणारी वाट. साध्या यंत्रावर ज्याचा आजार कधी तपासलाच गेला नाही, तो अपस्माराचा रुग्ण सात टेस्लाच्या दारापर्यंत पोहोचणार कसा?

हे काम तज्ज्ञांचे आहे, आपण त्यात काय बोलणार, असे कोणी म्हणेल. १९८० च्या दशकात लोकविज्ञान चळवळीतील कार्यकर्त्यांनाही हेच ऐकविले गेले होते. त्यांनी औषधांच्या वेष्टनांवरील बारीक अक्षरे वाचावयास शिकून निरुपयोगी व घातक औषधांविरुद्ध लोकमत उभे केले. नगरपालिकांत, जिल्हा परिषदांत, रुग्ण कल्याण समित्यांत आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनांत आपली माणसे आहेत. पुढील वेळी एखाद्या यंत्राच्या खरेदीचा किंवा सहकार्य कराराचा कागद समोर येईल तेव्हा त्यांनी तो किमतीचा आकडा पाहून मिटू नये. चित्रे कोणाकडे राहणार, दुरुस्ती कोण करणार, तंत्रज्ञ कायम आहे की कंत्राटी, आणि रुग्णाला कोणत्या भाषेत विचारले, हे चार प्रश्न सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. उत्तर मिळेपर्यंत अंगठा वर करू नये.